मुलीला लिहायची आवड आहे: स्पर्धा कोणत्या निवडाव्यात आणि लेखकांची भेट कशी घडवावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, वय साडेदहा, मराठी माध्यम, नाशिक. गोष्टी आणि पत्रं लिहिते, तीही बहुतेक गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर. शाळेच्या निबंधात मात्र तीच मुलगी अगदी कोरडं लिहिते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, या वयाच्या आणि मराठीत लिहिणाऱ्या मुलांसाठी भरवशाच्या स्पर्धा कोणत्या? सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात फिरते आहे. ४९९ रुपये भरा, गोष्ट पाठवा, सहभागी प्रत्येकाला प्रमाणपत्र, ट्रॉफी आणि पुस्तकात प्रसिद्धी. यात पडावं का?

दोन, स्पर्धेला पाठवण्याआधी घरच्यांनी किती हात लावायचा? काहीच सुधारलं नाही तर चुका राहतात. सुधारायला बसलं तर ते तिचं लेखन राहत नाही.

तीन, जवळच्या वाचनालयात पंचवीस-तीस मुलं जमू शकतात. तिथे एखाद्या बालसाहित्यिकाला बोलवायचं असेल तर सुरुवात कुठून करतात? मानधन, वेळ, तयारी, सगळंच नवीन आहे.

---

निळीशाई

गोदाकाठ, आधी त्या ४९९ रुपयांचं सांगते. पडू नका. मुलांच्या चांगल्या लेखनस्पर्धांना बहुधा प्रवेशशुल्क नसतं, असलंच तर टपालखर्चाइतकं. 'प्रत्येकाला ट्रॉफी' म्हणजे तिथे गोष्ट कुणी वाचणार नाही. 'पुस्तकात प्रसिद्धी' याचा अर्थ बहुतेक वेळा असा निघतो की दोनशे मुलांच्या गोष्टी एकत्र छापायच्या आणि त्याच दोनशे घरांना ते पुस्तक विकायचं. नियमावलीत चार गोष्टी शोधा: परीक्षक कोण, निकाल कधी, लेखनाचे हक्क कुणाकडे राहणार, आणि मुलांची माहिती कुठे वापरली जाणार. चारांपैकी दोनांची उत्तरं सापडली नाहीत तर सोडून द्या. 'लाइक्स'वर निकाल ठरणाऱ्या स्पर्धाही टाळा. त्यात घरचे सगळे आठवडाभर मतं मागत फिरतात आणि मुलीला आपल्या गोष्टीपेक्षा आकडा मोठा वाटायला लागतो.

हक्कांबद्दल थोडं जास्त. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्या क्षणापासून त्याचाच असतो, मग तो दहा वर्षांचा का असेना. 'सर्व हक्क आयोजकांकडे कायमचे' असं कलम दिसलं तर ते पालकांच्या सहीने मुलीचे हक्क लिहून घेणं आहे, कारण १८ वर्षांखालील मूल स्वतः करार करू शकत नाही. 'एकदा प्रसिद्ध करण्याची परवानगी' एवढंच मागणारा आयोजक प्रामाणिक समजावा. आधार कार्डाची प्रत मागितली तर देऊ नका. वयासाठी शाळेचा बोनाफाईड दाखला पुरतो.

आता कुठे पाठवायचं. तुमची मुलगी पत्रं लिहिते म्हणता, तर पहिलं नाव ढाई आखर. भारतीय डाक विभागाची ही पत्रलेखन स्पर्धा २०१७ पासून आहे. पहिल्या वर्षीचा विषय होता 'प्रिय बापू, आपण मला प्रेरणा देता'. २०२३ मध्ये 'नव्या भारतासाठी डिजिटल इंडिया' आणि २०२४ मध्ये 'लिहिण्याचा आनंद: डिजिटल युगात पत्रांचं महत्त्व'. १८ वर्षांपर्यंतचा आणि १८ च्या वरचा असे दोन गट. प्रत्येक गटात दोन प्रकार: आंतरदेशीय पत्र, मर्यादा ५०० शब्द, आणि पाकिटात ए-फोर कागद, मर्यादा १००० शब्द. मराठी चालते. हाताने लिहिलेलंच घेतात, छापलेलं घेत नाहीत. पत्र मुख्य पोस्टमास्टर जनरल, महाराष्ट्र सर्कल यांच्या नावाने जातं. गोव्याच्या वाचकांसाठी सांगते, डाक विभागाच्या हिशेबात गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्येच येतं. सर्कल पातळीवर २५,०००, १०,००० आणि ५,००० रुपये, राष्ट्रीय पातळीवर ५०,०००, २५,००० आणि १०,००० अशी बक्षिसं असतात. तारखा दरवर्षी बदलतात, साधारण पावसाळा संपता संपता जाहीर होतात. जवळच्या मुख्य पोस्टात ऑगस्टपासून विचारत राहा.

दहा-साडेदहाच्या मुलीला आंतरदेशीय पत्राचाच प्रकार द्या. अडीच रुपयांचं निळं पत्र. पाच आणून ठेवा, एकात काम होत नाही. नेमकं काय बिघडतं ते सांगते:

- कागद पातळ असतो. जेल पेनची शाई पाठीमागे उमटते आणि घडी घातली की पसरते. साधं बॉलपेन घ्या.
- मुलं आतली बाजू भरत जातात आणि शेवट बाहेरच्या भागावर दाटीवाटीने कोंबतात. पहिला कच्चा मजकूर पत्राच्या मापाच्या साध्या कागदावर, त्याच घड्या घालून लिहू द्या. कोणता भाग बाहेर येतो आणि पत्ता कुठे जातो ते हाताला कळतं.
- ५०० ही कमाल मर्यादा आहे, तेवढं भरलंच पाहिजे असं नाही. पाचवीच्या अक्षरात अडीचशेच्या आसपास शब्द नीट बसतात.
- डिंकाच्या पट्टीवर लिहिलेली ओळ चिकटवल्यावर जाते. उघडताना फाटतेही.
- आत फोटो, चित्र, कापलेलं कात्रण घालायचं नाही. आंतरदेशीय पत्रात काहीही घालता येत नाही.
- 'मी १८ वर्षांखालील आहे' हे प्रमाणित करणारी ओळ, पूर्ण नाव आणि पत्ता. ही ओळ राहिली तर सुंदर पत्रही बाजूला पडतं. दरवर्षी सर्वांत जास्त चुका इथे होतात.

पेटीत टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. पत्र परत मिळत नाही.

दुसरं, जागतिक टपाल संघाची पत्रलेखन स्पर्धा. १९७१ पासून चालू आहे, वय ९ ते १५, म्हणजे तुमची मुलगी आत्ताच पात्र आहे. भारतातली फेरी डाक विभागच घेतो. ही स्पर्धा परीक्षेसारखी ठरलेल्या केंद्रावर बसून लिहायची असते, इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत (मराठी त्यात आहे), कमाल ८०० शब्द. विषय कल्पनेचे असतात. २०२३ चा होता, 'तुम्ही सुपरहिरो आहात, जगातले रस्ते मुलांसाठी सुरक्षित करणं हे तुमचं काम आहे, त्याबद्दल पत्र लिहा'. २०२५ चा, 'तुम्ही समुद्र आहात, माझी काळजी का आणि कशी घ्यावी हे कुणाला तरी पत्राने सांगा'. इथे मुलं हमखास एक चूक करतात, पत्राऐवजी निबंध लिहितात. पत्र म्हणजे समोर कुणीतरी ठरलेला माणूस हवा. 'प्रिय मानवजात' म्हटलं की भाषण सुरू होतं. 'प्रिय बंदरावरच्या जाळीवाल्या काका' म्हटलं की समुद्राला बोलायला विषय मिळतो.

तिसरं, शौर्य पुरस्कार मिळालेल्या वीरांवरचा केंद्र सरकारचा वीरगाथा उपक्रम, २०२१ पासून. यात नाव शाळेमार्फतच जातं, तिसरी ते पाचवीचा वेगळा गट असतो, कविता, परिच्छेद किंवा चित्र. वर्गशिक्षकांना आधीच विचारून ठेवा, कारण शाळेतून निवडक नोंदीच पुढे जातात.

आणि स्पर्धा नव्हे तरी सर्वांत मोलाचं: छापून येणं. बालभारतीचं किशोर मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवले आहेत. आधी तिला सहा-सात अंक वाचू द्या. मुलांच्या पानांवर काय येतं, किती लांबीचं येतं ते तिचं तिला दिसेल. मग पाठवा.

---

पाटीपेन्सिल

निळीशाईंनी बाहेरचं सांगितलं, मी घरातलं सांगतो. तुमचा दुसरा प्रश्न तिन्हींत सगळ्यात अवघड आहे आणि स्पर्धेच्या निकालावर परिणामही त्याचाच जास्त होतो.

समजा विषय आहे 'पत्रांचं महत्त्व'. मुलीने असं लिहिलं:

*आजोबांच्या पेटीत पत्रं आहेत. एका पत्रावर चहाचा डाग आहे. डागाच्या वर 'पैसे पाठवले' असं लिहिलंय. किती पाठवले ते डागाखाली गेलं. आजोबा म्हणाले पन्नास. आत्याआजी म्हणाली तीस.*

घरातलं कुणी मोठं माणूस बसतं, 'छान आहे, पण जरा भाषा हवी' म्हणतं, आणि स्पर्धेला हे जातं:

*पत्र हा दोन हृदयांना जोडणारा अतूट दुवा आहे. आजच्या धावपळीच्या युगात आपण पत्रलेखनाची सुंदर परंपरा विसरत चाललो आहोत.*

दुसऱ्यात एकही चूक नाही आणि एकही गोष्ट नाही. परीक्षकाच्या टेबलावर त्या दिवशी 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी सुरुवात असलेले गठ्ठे असतात. चहाचा डाग एकच असतो. पन्नास की तीस यावर भांडणारी दोन म्हातारी माणसं तर कुठल्याच गाईडमध्ये सापडायची नाहीत.

शाळेतल्या निबंधात ती कोरडं लिहिते याचं कारण बहुधा हेच आहे. निबंधाला मुद्दे दिलेले असतात, मुद्द्यांना गुण असतात, आणि गाईडमधली वाक्यं लिहिली की ते गुण पदरात पडतात. मुलं हे पटकन ओळखतात. तिला सरळ सांगा की परीक्षेचा निबंध आणि स्पर्धेचं लेखन ही दोन वेगळी कामं आहेत. पाचवीतल्या मुलाला हे नीट समजतं.

मग सुधारायचं किती? पालकांनी पेन हातात घ्यायचं नाही, पेन्सिल घ्यायची. चूक असलेल्या ओळीच्या समासात फक्त एक टिंब द्यायचं. काय चुकलं ते सांगायचं नाही, शोधू द्यायचं. एका बैठकीत पाचापेक्षा जास्त टिंबं नकोत, नाहीतर पान घाबरवतं.

शुद्धलेखनाचे तीन नियम या वयात पुरेसे आहेत आणि निम्म्याहून जास्त चुका त्यात सुटतात. शब्दाच्या शेवटचा इ-कार, उ-कार दीर्घ: पाणी, वाटी, सुरू, चेंडू. 'आणि' आणि 'नि' हे अपवाद. दुसरा, अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ: फूल, मूल, खीर, बहीण. तिसरा, त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं: फुलाला, मुलाने, खिरीत, बहिणीचा. 'मूलाने' ही चूक हा तिसरा नियम माहीत नसल्यामुळे होते, आणि एकदा कळली की परत होत नाही.

बोलण्यातल्या ओळी मात्र जशा कानावर पडतात तशाच राहू द्या. आजी 'इकडं ये गं' म्हणत असेल तर अवतरणात 'इकडे ये' करायचं नाही. निवेदन प्रमाण भाषेत, बोलणं त्या माणसाच्या भाषेत.

शब्दांच्या चुकांपेक्षा मोठं काम वाचून दाखवण्याने होतं. तिने मोठ्याने वाचायचं, तुम्ही ऐकायचं, आणि फक्त दोनच प्रश्न विचारायचे: 'मला इथे दिसलं नाही, काय होतं तिथे?' आणि 'हे तू पाहिलंस की कुठे वाचलंस?' दुसऱ्या प्रश्नावर मुलं स्वतःच खोडायला लागतात.

वेळेचं गणित असं ठेवा. शेवटच्या तारखेच्या बारा दिवस आधी सुरुवात. पहिले दोन दिवस कच्चं, एका बैठकीत वीस ते तीस मिनिटं. मग तीन दिवस वही बंद. हे तीन दिवस कापू नका, कच्चं लेखन ताजं असताना मुलांना त्यातलं काहीच वगळवत नाही. सहाव्या दिवशी मोठ्याने वाचन. सातव्या-आठव्या दिवशी दुरुस्ती, आणि त्यात पहिली तीन वाक्यं काढून पाहा. मुलांचं लेखन बऱ्याचदा चौथ्या वाक्यापासून खरं सुरू होतं. नवव्या-दहाव्या दिवशी पक्कं. दोन दिवस राखीव, कारण एक आंतरदेशीय पत्र नक्की खराब होतं.

चॅटबॉटकडून 'सुधारून' घेण्याचा मोह होतो, मुलांनाही आणि पालकांनाही. ते करू नका. वर दिलेला दुसरा परिच्छेद तोच माल आहे. परीक्षकांना पाचवीच्या पानावर 'अतूट', 'अविभाज्य', 'अनमोल ठेवा' एका ओळीत दिसले की ते पान बाजूला जातं, आणि त्याच्या तळाशी असलेलं मुलीचं एखादं खरं वाक्यही त्याच्याबरोबर जातं.

---

आडवाट

थोडं वेगळं मत मांडतो. स्पर्धा वर्षात तीन, फार तर चार. मुलाला दर महिन्याला स्पर्धेला बसवणारी घरं असतात आणि दोन वर्षांत ते मूल विषय दिल्याशिवाय लिहीत नाही. दिलेला विषय ही कुबडी आहे. वहीच्या मागच्या पानांवर ती जे लिहिते त्याला कुणी विषय दिलेला नाही, आणि त्या पानांना जपणं हे स्पर्धेइतकंच मोठं काम आहे. तिला वेगळी वही द्या, शंभर पानी, साधी, रेघांची. सुंदर पुठ्ठ्याची महागडी डायरी देऊ नका. चांगल्या वहीत मुलं खोडत नाहीत, आणि खोडाखोड नसेल तर लेखन पुढे सरकत नाही. ती वही तिने दाखवल्याशिवाय उघडायची नाही.

निकालाबद्दल. मोठ्या स्पर्धांचे निकाल यायला महिने लागतात आणि ज्यांचा नंबर येत नाही त्यांना बहुधा काहीच कळवत नाहीत. मुलाला हे आधीच सांगायला हवं. पत्र पेटीत पडलं त्याच संध्याकाळी तिला पुढचं काहीतरी सुरू करू द्या, म्हणजे ती निकालाची वाट बघत बसत नाही. नंबर आला नाही तर 'परीक्षकांनाच कळलं नाही' असं म्हणू नका. त्याने पुढच्या वेळी ती परीक्षकाला आवडेल असं लिहायला लागते. ते पत्र ज्याला उद्देशून होतं त्याला, आजोबांना, आत्याआजीला, खरोखर पाठवून द्या. उत्तर येतं. पहिला वाचक असा मिळतो.

---

वाचनकट्टा

तिसऱ्या प्रश्नावर येतो. वाचनालयात लेखकाची भेट ठेवणं वाटतं तितकं कठीण नाही. कार्यक्रम फसतो तो लेखकामुळे क्वचितच, बहुतेक वेळा आयोजनामुळे.

लेखक शोधणं. मुलांनी ज्याचं पुस्तक वाचलं आहे तोच लेखक बोलवा, नाव मोठं आहे म्हणून नको. नावं हवीत तर साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो, त्यातली मराठीची यादी काढा. ती पुस्तकं वाचनालयात आहेत का पाहा, नसतील तर खरेदीत घाला. नाशिकच्या आसपास, दीड-दोन तासांच्या अंतरावर कोण राहतं ते प्रकाशकाला विचारा. पत्ता पुस्तकातच असतो, शीर्षकाच्या मागच्या पानावर, जिथे आवृत्ती आणि मुद्रक छापलेला असतो. प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखकाच्या नावाने पत्र जातं. उत्तराला तीन-चार आठवडे धरा.

पहिलं पत्र मुलांनी लिहिलेलं असावं, सोबत वाचनालयाचं अधिकृत पत्र. मुलांच्या पत्रात पुस्तकातली एखादी नेमकी जागा असली पाहिजे. 'आपलं पुस्तक खूप आवडलं' हे लेखकाला रोज येतं. 'विहिरीतला आवाज कुणाचा ते तुम्ही शेवटपर्यंत का सांगितलं नाही, आमच्यात दोन गट पडलेत' याला उत्तर येतं. उत्तरासाठी आपला पत्ता लिहिलेलं, पाच रुपयांचं तिकीट लावलेलं पाकीट आत घाला.

पैसे. मानधनाचा विषय पहिल्याच फोनवर, स्पष्ट. 'आमचं बजेट इतकं आहे, प्रवास आणि जेवण वेगळं' असं सांगायचं. 'मुलांचं काम आहे' म्हणून फुकट मागू नका. लेखक नाही म्हणणार नाही कदाचित, पण मुलांना ते कळतं आणि लिहिणं हे काम नसतं असं त्यांच्या मनात बसतं. प्रवासखर्च त्याच दिवशी हातात द्या.

तयारी. भेटीच्या तीन आठवडे आधी पुस्तकाच्या सहा ते आठ प्रती हव्यात. तीस मुलांना चार-पाचच्या गटात वाटा, गटातलं एक वाचेल, बाकीचे ऐकतील. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहायचा, पान क्रमांकासकट. पान क्रमांकाची अट फार महत्त्वाची. ती नसली की तीसपैकी पंचवीस चिठ्ठ्यांवर 'तुम्हाला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?' येतं. अट घातली की 'पान १४ वर ती दार उघडत नाही. उघडलं असतं तर?' असं येतं. चिठ्ठ्यांतून बारा निवडा, क्रम लावा, पण लेखकाला आधी पाठवू नका.

तो दिवस. एकूण सव्वा तास, त्याहून जास्त नको. पाच मिनिटं ओळख, तीही एखाद्या मुलीने करून द्यायची. पंधरा मिनिटं लेखकाने स्वतः वाचायचं. अर्धा तास प्रश्न. दहा मिनिटं मुलांनी तिथेच काहीतरी लिहायचं. पंधरा मिनिटं सह्या. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, अध्यक्षीय भाषण यात चाळीस मिनिटं सहज जातात आणि तेवढ्यात पुढच्या रांगेतली मुलं चुळबुळायला लागतात. सत्कार करायचाच असेल तर मुलं गेल्यावर चहाच्या वेळी करा. मुलं खाली सतरंजीवर अर्धवर्तुळात, लेखक खुर्चीवर किंवा त्यांच्यातच. स्टेज आणि माइक नको, तीस मुलांना लागत नाही.

लेखकाला एक विनंती आधीच करा: एखाद्या गोष्टीचं कच्चं हस्तलिखित आणायचं, खाडाखोड असलेलं. छापलेलं पुस्तक आणि ते पान शेजारी शेजारी ठेवून मुलांना दाखवा. एकाच वाक्यावर चार वेळा काट मारलेली पाहिली की दहा वर्षांच्या मुलाला आपल्या खाडाखोडीची लाज वाटेनाशी होते. व्याख्यानाने हे होत नाही.

सगळ्या मुलांच्या कविता लेखकाला ऐकवण्याचा कार्यक्रम करू नका. तीस कविता म्हणजे तासभर, आणि लेखक प्रत्येकीला 'छान' म्हणण्यापलीकडे काही करू शकत नाही. फार वाटलं तर दोन मुलांचं प्रत्येकी अर्ध्या पानाचं लेखन आधी पाठवा आणि त्यावर बोलायला सांगा, अर्थात त्या दोघांची तयारी असेल तर.

न बोलावताही भेट. ग्रंथालय संचालनालयाचा ग्रंथोत्सव जिल्ह्याजिल्ह्यात होतो, त्यात लेखक येतात आणि गर्दी आटोपशीर असते. पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरतो. तिथे संध्याकाळी किंवा रविवारी मुलांना नेऊ नका, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी न्या. सहल काढायचीच असेल तर पाचगणीजवळचं भिलार, पुस्तकांचं गाव, २०१७ पासून आहे. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत आणि बसून वाचता येतं. नाशिकहून मात्र एका दिवसात उरकायचा बेत करू नका, मुक्काम धरा.

भेटीसाठी तारीख निवडताना २७ फेब्रुवारी टाळा. मराठी भाषा गौरव दिनाला प्रत्येक लेखकाची तीन तीन आमंत्रणं असतात, आणि नाशिक तर कुसुमाग्रजांचं गाव. जुलै-ऑगस्टचा एखादा शनिवार मागा. लेखक मोकळे असतात आणि घटक चाचण्यांच्या आधी शाळाही हरकत घेत नाहीत.

---

मेपलपान

गोदाकाठताईंच्या धाग्यात घुसते आहे. इथे टोरांटोजवळ मुलगा अकरा वर्षांचा. मराठी बोलतो उत्तम, देवनागरी लिहितो पण हळू, एका पानाला तास लागतो. गोष्टी मात्र मराठीतच सांगतो. अशा मुलाचं काय करावं? आणि ई-मेलने पाठवलेला मजकूर भारतात उघडला तर चौकोन दिसतात असं ऐकलंय.

---

पाटीपेन्सिल

मेपलपान, त्याला सांगू द्या आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. पाच मिनिटांची गोष्ट साधारण पाचशे-सहाशे शब्दांची होते. मग तुम्ही ती जशीच्या तशी लिहून काढा, 'मग ना' आणि 'आणि मग' सकट, एक ओळ सोडून. त्याने फक्त वाचायचं, खोडायचं आणि मधल्या ओळीत बदल लिहायचा. हात चालतो तेवढंच लिहायचं असल्याने तो दमत नाही आणि गोष्ट त्याचीच राहते. शेवटचा एक परिच्छेद मात्र त्याने स्वतः लिहावा. स्पर्धेला किंवा अंकाला पाठवताना 'सांगितली अमुकने, लिहून घेतली आईने' असं खाली लिहा, लपवू नका.

तिकडे महाराष्ट्र मंडळांचे दिवाळी अंक निघतात, त्यात मुलांची पानं असतात. पहिल्यांदा तिथे पाठवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, महाराष्ट्रातून लेखक-कलावंत येतात, तेव्हा नुसत्या मुलांसाठी अर्ध्या तासाची बैठक मागून घ्या. इंग्रजीतही लिहीत असेल तर रॉयल कॉमनवेल्थ सोसायटीची निबंध स्पर्धा आहे, १८८३ पासून, शुल्क नाही, १८ वर्षांपर्यंत, आणि कॅनडा राष्ट्रकुलात आहे.

---

निळीशाई

चौकोनांचं कारण फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर अगम्य इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलं, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवर किंवा संगणकाच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, तर तो कुठेही नीट उघडतो. तरी दोन्ही पाठवा: वर्डची फाइल आणि त्याचीच पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरं जशी टाइप केली तशीच दिसतात, आणि काही हललं असेल तर संपादकाला ताडून पाहता येतं. 'ऱ्हस्व', 'सुऱ्या', 'दऱ्या' यातला अर्धा र एकदा डोळ्यांखालून घाला, तिथे फोनवरचे कीबोर्ड हटकून वेगळंच अक्षर देतात.

फाइलला 'गोष्ट फायनल' असं नाव देऊ नका. मुलाचं नाव, इयत्ता आणि गोष्टीचं शीर्षक. संपादकाकडे 'गोष्ट फायनल' नावाच्या चाळीस फाइली असतात.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ४९९ चा नाद सोडला. आज पाच आंतरदेशीय पत्रं आणि एक शंभर पानी वही आणली आहे. एक शंका राहिली: ढाई आखरचं पत्र कुणाला उद्देशून लिहायचं? वर पत्ता मुख्य पोस्टमास्टर जनरल यांचा म्हणता, मग मायना 'माननीय पोस्टमास्टर जनरल' असा करायचा का?

---

निळीशाई

नाही. बाहेरचा पत्ता फक्त पोचवण्यासाठी. आतला मायना विषय ठरवतो. २०१७ ला तो 'प्रिय बापू' होता. विषयात नाव दिलेलं नसेल तर तिने माणूस निवडायचा: आजी, शेजारची मैत्रीण, पोस्टमन काका. मायना लिहिण्याआधी तिला त्या माणसाबद्दल दोन ओळी वेगळ्या कागदावर लिहू द्या, ते कुठे बसून हे पत्र वाचतील आणि त्यांना आधीच काय माहीत आहे. त्यांना जे माहीत आहे ते पत्रात समजावून सांगायचं नाही. आणि ती वयाची ओळ सगळ्यात आधी, पत्र कोरं असतानाच, तळाशी लिहून घ्या.